न कळण्याचा खेळ

रुद्रेशच्या कानात पहिला शब्द मी घातला. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून आत्याने नाव सांगायचं असतं. मी ते सांगितलं आणि मागून बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दुसऱ्या दिवशी मशीनवर बसवेना. त्या दुखण्याचंही मला कौतुक होतं. माझं लग्न झालं नाही, भावाच्या घरात ब्लाउज शिवत बसणारी बाई मी. पण आत्या व्हायला लग्न लागत नाही, भाऊ लागतो, आणि तो मला होता. या पोराने मला तोंडभरून ‘आते’ म्हणावं, एवढीच माझी हाव. देवाकडे मी दुसरं काही मागितलं नाही, आणि त्याने आपणहून काही दिलेलंही नाही.

भाऊ परेश आणि भावजय विनिता दोघंही गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात. पाळ्या बदलत्या, त्यामुळे पेडण्याच्या आमच्या घरात मूल बहुतेक माझ्याकडेच. तीन वर्षं सरली तरी ते बोलत नव्हतं. बाकीच्यांना घोर लागला होता, मला नव्हता, कारण माझं काही अडतच नव्हतं. त्याने डावा कान ओढला की पाणी. मूठ गालाला लावली की झोप. हनुवटी वर केली की ओट्यावर शेजारची कोंबडी चढलीय, तिला हाकल. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की पावाची कापडी पिशवी घेऊन तो दारात उभा. पिशवी हातात असेल तर साधा उंडो, डोक्यावर असेल तर काकण, म्हणजे बांगडीसारखा तो कडक पाव. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पाठमोरी बसलेली असले तरी त्याच्या पावलांवरून मला कळायचं.

“तुमची दोगांची ही भास तरी कसली गो?” शेजारची सुमंगला विचारायची.

“तुका कित्याक जाय?” तुला कशाला हवी आमची भाषा, असं म्हणून मी उडवून लावायची. पण मनातून फुगायची, हे खरं.

मग शाळेत घालायची गोष्ट निघाली आणि परेशने सुट्टी काढली. कान आधीच तपासून झाले होते, ते ठणठणीत होते. आता बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं होतं. बाई कसली, ऋतिका नावाची पोरगीच ती. खोलीभर खेळणी आणि मध्ये चटई. मला वाटलं होतं जीभ बघतील, औषध देतील. ती खाली बसली आणि साबणाचे फुगे उडवायला लागली.

रुद्रेश फुग्यांमागे धावला. मग तिने बाटलीचं झाकण गच्च आवळलं, बाटली त्याच्या हातात दिली आणि भुवया वर करून गप्प बसून राहिली. झाकण त्याला उघडेना. त्याने तिच्याकडे पाहिलं, परेशकडे पाहिलं, मग सरळ येऊन बाटली माझ्या मांडीवर ठेवली. मी उघडून दिली.

“आते, माझा खेळ मोडलात की हो,” ती हसून म्हणाली.

थोड्या वेळाने त्याने कान ओढला. मी पिशवीतून पाणी काढलं. तिने विचारलं, कसं कळलं? झालं, मला तेवढंच हवं होतं. कान, मूठ, हनुवटी, पिशवी, सगळं मी तिला फुशारकीने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मुलं उशिरा बोलतात त्याला कारणं पुष्कळ असतात,” ती म्हणाली. “हेच एक आहे असं मी म्हणत नाही. पण आते, त्याला शब्दाची गरजच पडू देत नाही तुम्ही.”

परेश छताकडे बघायला लागला. विनिता चटईवरची खेळणी गोळा करायला लागली. दोघांपैकी कोणी काही बोललं असतं तर मी भांडले तरी असते.

मग ऋतिकाने आम्हाला खेळ शिकवले. फुंकर मारायची, आरशासमोर तोंडं वाकडी करायची, जनावरांचे आवाज काढायचे, दुकान मांडायचं. आणि एक खेळ खास माझ्यासाठी. त्याने पाणी मागितलं की चमचा द्यायचा. हे? नाही? मग हे? असं वेड्यासारखं करायचं. त्याने तोंडातून जो काही आवाज काढला, त्यावर लगेच पाणी द्यायचं. “हसत खेळा हं,” ती म्हणाली. “आणि शेवटी जिंकायचं त्यानंच.”

परतताना बसमध्ये विनिता माझ्या शेजारी होती. ती सावंतवाडीकडची. घर जवळ आल्यावर म्हणाली, “तुमच्यार राग नाय माझो, आते. पण एकदा तरी त्येना माका आई म्हणाक होया.”

मी तिचा हात धरला. माझीही हाव तीच होती, फक्त शब्द वेगळा.

बाकीचे खेळ आम्हाला मस्त जमले. शिवताना उरलेल्या दोऱ्यांचे गुंते करून आम्ही फुंकरीने टेबलावर पळवायचो. जिंकला की तो टाळ्या पिटायचा. आरशासमोर मी अशी तोंडं करायची की सुमंगला दारातून बघून परत गेली. बटणांचं दुकान मांडलं. बोका झालो, कावळा झालो. पण तो एक खेळ मला हसत खेळता येईना.

पहिल्या दिवशी त्याने कान ओढला आणि मी चमचा पुढे केला. “हें? न्हय? मगे कितें?” तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं आपलाच कान चुकला. त्याने उजवा ओढून पाहिला. मग दोन्ही ओढले. माझा हात आपोआप तांब्याकडे गेला. पाणी दिलं आणि न्हाणीत जाऊन रडले.

असं केलं तर हे पोर बोलायचं कधी? दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही. मान खाली घालायची आणि मशीन चालू ठेवायची. तो गुडघ्याशी येऊन उभा राहिला की म्हणायचं, “कितें? म्हाका कळना.” हसायला गेले की रडू यायचं, म्हणून हसणं मी खेळातून काढूनच टाकलं. ऋतिकाने सांगितलेल्या खेळातला खेळ तेवढा गेला, न कळणं शिल्लक राहिलं. आवाज आला की पाणी देणारच होते मी. आवाज आला नाही.

एका सकाळी पोदेराचा भोंगा वाजला आणि रुद्रेश पिशवी डोक्यावर घालून दारात गेला. मी उंडे घेतले. तो तसाच उभा. पोदेराची सायकल वळणाआड गेली, भोंगा लांब लांब होत ऐकू येईनासा झाला, तेव्हा त्याने पिशवी डोक्यावरून काढली, तिची घडी घातली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर पिशवी त्याने डोक्यावर घातली नाही.

संध्याकाळी तो पायरीवर बसून विनिताच्या बसची वाट बघायला लागला. तिला न कळण्याचं सोंग आणावं लागत नव्हतं, तिला खरंच कळत नसे. दमून आलेली असायची, तरी चपला काढायच्या आधी त्याच्यासमोर फतकल मारायची. “ह्या होया? नाय? मगे बोको होया? बापाशीची चप्पल होया?” तो खदखदून हसायचा. ऋतिकाने सांगितला होता तो खेळ हा असा. आणि एका संध्याकाळी त्या हसण्यातून “पाव” बाहेर पडला. विनिता एवढ्याने ओरडली की सुमंगला धावत आली. मी शिरा केला, साजूक तुपातला.

मग “आई” आली. विनिता रडली, मीही रडले. मला आनंद झाला होता, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. पाठोपाठ “ताट”, “बोको”, “उदक”. मी आशेने ऐकत होते. आई म्हणता येतं, ताट म्हणता येतं, म्हणजे तोंड तयार आहे. आता माझी पाळी.

पण माझ्याशी तो बोलत नव्हता, आणि खुणाही करत नव्हता. दोऱ्यांची शर्यत लावायला यायचा, हसायचा. तहान लागली की मात्र उठायचा, माझ्या मशीनला वळसा घालून आतल्या खोलीत जायचा आणि रातपाळी करून झोपलेल्या परेशला हलवायचा. “उदक.” मी तांब्या घेऊन मागे उभी असायची. मी दिलेलं तो प्यायचा. मागायचा नाही.

पुढच्या खेपेला ऋतिका खूश झाली. तिने पुन्हा फुगे काढले, पुन्हा झाकण आवळलं. रुद्रेश लगेच म्हणाला, “उगड.” तिने उघडलं, फुगे उडवले, झाकण परत लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली.

“आता आतेकडे जा. आतेला सांग.”

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी चटईवर बसले होते, हात पुढे करून, गाल दुखेपर्यंत हसत. “सांग रे बाबू. आते उगडटा.” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही हे पाहुण्याला सांगावं, तसा तो ऋतिकाकडे वळून म्हणाला, “आतेक कळना.”

ऋतिकाने टाळ्या वाजवल्या. दोन शब्द जोडून पहिलं वाक्य! परेशने त्याला उचलून घेतलं. विनिता हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिने बघू नये म्हणून मीही टाळ्या वाजवायला लागले, सगळ्यांत जोरात. माझी हाव पुरी झाली होती. ‘आते’ हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला होता.

निघताना ऋतिकाने मला बाजूला घेतलं. “आता कळून घ्यायला लागा, आते. त्याला कळू दे की तुम्हाला कळतं.”

किती सोपं करून सांगतात ही शिकलेली माणसं.

त्या संध्याकाळी मी मशीन बंद ठेवली. तो जमिनीवर बटणांचं दुकान मांडून बसला होता. आत विनिता भात वाढत होती. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याने बघितल्यावर मी स्वतःचा डावा कान ओढला.

त्याच्या हातातलं बटण थांबलं. त्याला आठवलं, मला दिसलं ते. मी परत कान ओढला. तो उठला. मला वाटलं माझ्याकडे येतोय, मी हातही पसरले. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि आत बघून म्हणाला, “आई, आतेक उदक जाय.”

विनिता पाणी म्हणते, होया म्हणते. उदक आणि जाय हे माझे शब्द. मीच दिवसभर त्याच्या कानात घातलेले.

ती भरलेला पेला घेऊन धावतच आली. “आते, आयकलात? चार शब्द! एकदम चार!” मी पेला घेतला. तहान मुळीच नव्हती. पण मी पिते की नाही हे तो दारात उभा राहून काळजीने बघत होता, म्हणून सगळं पाणी प्यायले.