फायरिंग ऑर्डर

‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्कलकोट नाक्यावरील चन्नप्पाच्या गॅरेजात पाचांहून अधिक इसम जमतात. आरोपी फायरिंग ऑर्डर देतो. त्यानंतर स्फोट होतो.’

शहात्तर सालच्या त्या सरकारी अहवालात खोटे असे एकही वाक्य नव्हते; अर्थ तेवढा खोटा होता. इसम जमत. रुद्रप्पाची फियाट, माढ्याहून धापा टाकत येणारी आबासाहेबांची हिलमन, आणखी तीनचार म्हाताऱ्या गाड्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारे त्यांचे मालक. चार सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम म्हणजे फायरिंग ऑर्डर: एक, तीन, चार, दोन. चन्नप्पा तो ओरडून सांगत असतानाही रुद्रप्पाने प्लगच्या वायरी एक, दोन, तीन, चार अशा शहाण्या मुलांसारख्या ओळीने लावल्या आणि सायलेन्सरमधून बार उडाला. भिंतीपलीकडच्या हवालदाराला त्यात राज्य उलथवण्याचा कट ऐकू आला. आणीबाणीत कानांना बढती होती, डोक्याला नव्हती.

फौजदारांना मात्र सारे कळत होते; त्यांची जीप चन्नप्पाच दुरुस्त करी. तरी त्यांनी त्याला चौकीत बोलावून समोर कोरा कागद ठेवला.

“फायरिंग ऑर्डर म्हंजे काय ते मला ठाऊक हाय, चन्नप्पा. पण कागद वर गेलाय.”

“मग वरच्यास्नी सांगा की, साहेब.”

“वरच्यांना शिकवू? मला नोकरी हाय. तू लिहून दे: चूक झाली, पुन्हा जमणार न्हाय. न्हायतर उद्या गॅरेजला सील.”

बाकावरचा रुद्रप्पा पुटपुटला, “लिही की. आमी सगळ्यांनी लिवलंय.”

“तू वायरी बी अशाच लावल्यास, रुद्र्या. वळीनं.”

फौजदारांना हसू आवरेना. चन्नप्पा हसला नाही. वीस वर्षांचे गॅरेज एका सहीवर टांगले होते, आणि ती सही केली की त्या कागदातला खोटा अर्थ खरा ठरणार होता. त्याने कागद ओढला, बोटांचे ग्रीस धोतराला पुसले आणि अहवालाच्या नजरेतून सुटलेला एकमेव खरा गुन्हा स्वतःच्या हाताने नोंदवला:

“मी कबूल करतो, मानसं मीच जमवली. गाड्या निमित्त हायत. सगळीकडं तोंडं बंद, म्हनून ज्याला जे वाटतं ते त्यानं हितं मोठ्यांदा बोलावं, एवढ्यासाठी जमवली. चूक झालेली न्हाय. येत्या रविवारी पुन्हा जमू. सील आसंल तर रस्त्यावर जमू.”