पाहुण्यांचं पाणी

कारखान्यात त्याला सगळे बुडबुडे म्हणत. टॉवेल रंगवून झाले की जे घाण पाणी उरतं, ते शुद्ध करायच्या टाक्या त्याच्या ताब्यात होत्या. त्या टाक्यांत खालून हवा सोडली की पाण्यावर बुडबुडे येत, त्यावरून हे नाव पडलं. खरं सांगायचं तर टाक्या बहुतेक दिवस बंदच असत. साहेब म्हणून त्याला खुर्ची होती, छत्री होती, रबरी बूट होते, फक्त काम नव्हतं. आणि काम नसण्याइतकं थकवणारं दुसरं काही नसतं, हे त्याला या चार-पाच वर्षांत चांगलं कळलं होतं.

टाक्या बांधल्या त्या परदेशातल्या एका मोठ्या कंपनीच्या सांगण्यावरून. कारखान्याचे जवळजवळ सगळे टॉवेल तीच घ्यायची. आमचा व्यापार नुसता नफ्यासाठी नाही, जिथे माल तयार होतो तिथली माणसं आणि तिथलं पाणी सुधारावं म्हणूनही आहे, असं कंपनीचं म्हणणं. ते चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर टांगलेलंही होतं. मालकांनी हौसेनं टाक्या बांधल्या, नारळ तेवढा फोडायचा राहिला. पुढच्या हंगामात कंपनीनं टॉवेलचा भाव पाडला. टाक्या चालवायच्या तर वीज हवी, औषधं हवीत. मालकांनी काही दिवस दम धरला आणि मग हात टेकले.

"त्यांना पाणी स्वच्छ हवं आणि टॉवेल स्वस्त हवा," मालक म्हणत. "एकाच खिशातून दोन्ही कसं काढू, तूच सांग."

मालक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर त्यांच्यावर रागावणं तरी सोपं गेलं असतं.

मग टाक्या चालू होत त्या फक्त कंपनीचे पाहुणे येणार असले की. आदल्या दुपारी हवा सोडायची, रात्रभर यंत्र घरघरत ठेवायचं, म्हणजे उजाडता उजाडता मागच्या ओढ्यात नितळ पाणी पडायचं. एरवी ओढा टॉवेलच्या रंगाचा. आज निळे टॉवेल तर ओढा निळा, उद्या लाल तर लाल. ओढ्याकाठच्या वस्तीनं हे केव्हाच हेरलं होतं. तिथे नळाचं पाणी प्यायलाच जेमतेम पुरे. म्हणून जाड पांघरुणं, पडदे, सतरंज्या लोक बाजूला ठेवून देत आणि पाहुणे आले की सगळी वस्ती ओढ्यावर लोटे. त्या पाण्याला त्यांनी नावच दिलं होतं, पाहुण्यांचं पाणी. रस्त्यात बुडबुडे दिसला की लोक त्याची तब्येत विचारत नसत. "काय रे, पाहुणे कधी?" असं विचारत. आपल्या सख्ख्या नातेवाइकांची कुणी इतकी वाट पाहिली नसेल.

त्याची थोरली बहीण त्याच वस्तीत राहायची. ताई लोकांचे कपडे धुऊन द्यायची. दाजींची कंबर धरल्यापासून घर तिच्या दोन हातांवर होतं, आणि ते हातही आता दुखायला लागले होते. तर एका संध्याकाळी ती भावाकडे आली, पायरीवरच बसली आणि म्हणाली, "स्टेशनजवळच्या लॉजवाल्यानं विचारलंय. सगळ्या चादरी एकदा धुऊन दाखव म्हणतो. पांढऱ्या फटक निघाल्या तर कायमचं काम माझं."

"मग घे की."

"घे की काय! पांढऱ्या आहेत त्या. या ओढ्यात पांढरं कुणी घालतं का? तुझे पाहुणे कधी येतायत ते सांग."

"गुरुवारी. ठरलंय."

"नक्की?"

"अगं ताई, मीच यंत्र चालू करणार. माझ्याहून नक्की कोण सांगणार तुला?"

ताई हसली. फार दिवसांनी तो तिचा हसरा चेहरा पाहत होता, म्हणून हे बोलणं त्याच्या नीट लक्षात राहिलं. पुढे ते लक्षात राहिल्याचा त्याला फार त्रास झाला.

बुधवारी दुपारी त्यानं हवा सोडली. टाक्या फसफसल्या. बुडबुडे वर आले तसं त्यालाही जरा माणसात आल्यासारखं वाटलं. औषध घातलं, जाळ्या साफ केल्या, संध्याकाळी शीळ घालत घरी गेला.

गुरुवारी सकाळी फाटकातून आत शिरला तर घरघर ऐकू येईना. तो धावत मागे गेला. टाक्या थंड पडल्या होत्या. शेजारी बसलेला रखवालदार म्हणाला, "मालकांचा फोन आला होता पहाटे. बंद कर म्हणाले. पाहुणे येत नाहीयेत."

"येत नाहीयेत म्हणजे?"

"मोबाइलवर बघणार म्हणे."

खुलासा मालकांनी केला. कंपनीनं म्हणे नवा नियम केला होता. विमानांचा धूर फार होतो, हवा बिघडते, तेव्हा पृथ्वीच्या भल्यासाठी यापुढे कुणी प्रत्यक्ष यायचं नाही, तपासणी कॅमेऱ्यातून करायची. "कॅमेऱ्याला रात्रभर कशाला चालवायचं?" मालक म्हणाले. "दहाच्या सुमाराला हवा सोड. बुडबुडे दिसले म्हणजे झालं. पेलाभर पाणी नळाचं दाखव."

तो तिथेच उभा राहिला. पृथ्वीच्या भल्यासाठी. त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

"मालक, खाली ताई आहे माझी," तो म्हणाला.

मालक कागदावरून वर बघत म्हणाले, "मग?"

मग काय, हे सांगत बसण्यात अर्थ नव्हता. त्यानं ताईला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, शेवटी दाजींनी उचलला. "फोन घरीच ठेवून गेली ती. ओल्या हातांनी कशाला म्हणाली. अंधार होता तेव्हाच गेली, पाणी अगदी काचेसारखं आहे असं शेजारीण सांगत होती."

पहाटे पाणी तसंच होतं, त्याच्याच हातचं. त्याच पाण्यात ताईनं चादरी भिजत घातल्या असणार. आणि आता लाल टॉवेलांचं उरलेलं रंगपाणी ओढ्यात सोडायची वेळ झाली होती. तो मागच्या दाराकडे निघाला, तेवढ्यात मालकांच्या सूनबाईंनी हाक मारली. तपासणी करणाऱ्या कंपनीच्या परदेशी बाई आधीच येऊन बसल्या होत्या, म्हणजे पडद्यावर. सूनबाई ऑफिसात बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे सांगणार होत्या, आणि मोबाइल धरून फिरायचं काम त्याचं होतं.

तो फिरला. टाक्या दाखवल्या, बुडबुडे दाखवले, नळाचा पेला उन्हात धरून दाखवला. मोबाइलमधल्या बाई गोड होत्या. केस पिकलेले, मागे पुस्तकांचं कपाट. प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं आणि सूनबाईंचा आवाज जरा अडखळला.

"पाणी बाहेर कुठे पडतं ते बघायचंय म्हणतात. नाही म्हणून सांगू का?"

पलीकडे ऑफिसच्या खिडकीत मालक उभे होते. ते हातानं खूण करत होते, बंद कर, फोन बंद कर. बुडबुडेनं ती खूण पाहिली. नोकरी डोळ्यांसमोरून गेली. तरी त्यानं मागचं दार उघडलं आणि तो ओढ्यावर उतरला.

ओढा लाल वाहत होता. काठावर दोरी बांधली होती आणि दोरीवर चादरी टाकल्या होत्या, रांगच्या रांग, सगळ्या गुलाबी. कुठे फिकट, कुठे गडद, मधे मधे पांढऱ्याच्या रेघा राहिलेल्या. ताई खाली दगडावर बसली होती. हातात एक चादर होती आणि ती पिळतही नव्हती, नुसती धरून बसली होती.

त्यानं कॅमेरा चादरींवर धरला. ओढ्यावर धरला. परत चादरींवर धरला.

मोबाइलमधून आनंदाचा चीत्कार आला. सूनबाई म्हणाल्या, "किती सुंदर रंग आहे म्हणतायत."

"त्यांना सांगा," तो म्हणाला. "सांगा, सकाळी या पांढऱ्या होत्या."

सूनबाईंनी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. बाई मनापासून हसल्या आणि भरभर बोलू लागल्या.

"विचारतायत, हे हातानं रंगवलंय का? आणि त्या बाईंना हात हलवायला सांगा म्हणतायत, फोटो काढायचाय."

ताईनं वर पाहिलं. "कोण आहे रे?"

"पाहुणे," तो म्हणाला.

ताई उठली. पदराला हात पुसले आणि सवयीनं, पाहुण्यांना करावा तसा, तिनं हात केला. मग तिनं ओढ्याकडे बघितलं.

"पाहुणे आलेत, मग पाणी असं का?" तिनं विचारलं.

नोकरी गेली नाही. उलट मालकांनी पाठ थोपटली, आणि ती थाप त्याला मारापेक्षा जास्त लागली. लॉजवाल्यानं मात्र चादरी ताईच्या अंगावर टाकल्या, भरून दे म्हणाला, आणि काम दुसरीकडे दिलं. ताई भावाला एका शब्दानं बोलली नाही. तो रोज जाई, तिच्या पायरीवर बसे, चहा पिऊन उठे. घडी करून भिंतीला लावून ठेवलेल्या त्या चादरींकडे दोघंही बघत नसत.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर रंगमास्तर स्वतः त्याला शोधत टाकीवर आला. रंगमास्तर म्हणजे कारखान्यातला रंग जमवणारा माणूस, एरवी कुणाकडे वळूनही न बघणारा.

"तुझ्या बहिणीकडे त्या चादरी आहेत ना? एक पाहिजे. कंपनीला तोच रंग हवाय, टॉवेलवर. मोठी ऑर्डर आहे. मी चारदा प्रयत्न केला, साला जमत नाही."

ताईनं सगळं ऐकून घेतलं. रंगमास्तर दारात उभा होता, आणि मालकांनी विचारायला सांगितलं होतं की बदल्यात काय हवंय. दाजी आतून खोकून खुणावत होते, माग, चांगलं मोठं काहीतरी माग. ताईनं एक चादर काढून रंगमास्तरच्या हातात दिली.

"एक दिवस पाहुण्यांचं पाणी सोडा," ती म्हणाली. "कुणी येणार नसलं तरी सोडा. बाकीच्या धुऊन बघते. निघाल्या पांढऱ्या तर लॉजवाला परत विचार करेल."

मालक कबूल झाले. टाक्या बांधल्यापासून त्या पहिल्यांदाच इथल्या कुणासाठी चालणार होत्या. बुडबुडेनं आदल्या दुपारी हवा सोडली आणि या वेळी घरी गेला नाही. यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसून राहिला, रखवालदाराला बटणाजवळ फिरकू दिलं नाही. सकाळी पाणी असं पडलं की खालचे खडे मोजावेत.

ताई दिवसभर ओढ्यात होती. तोही पँट दुमडून तिच्याबरोबर उतरला. साबण झाला, सोडा झाला, आपटून झालं, उकळून झालं. वस्तीतल्या बायकाही आपापली पांघरुणं आटपून तिच्या मदतीला आल्या. पाणी नितळ ते नितळच राहिलं, आणि चादरी गुलाबी त्या गुलाबीच राहिल्या. दुपारी रंगमास्तर भिंतीवरून डोकावला. त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि अभिमानानं म्हणाला, "आपला रंग आहे. जायचा नाही."

ऊन उतरलं तशा बायका एकेक करून गेल्या. ताईनं शेवटची चादर पिळली, दोरीवर टाकली, टोकं सारखी केली. मग ती परत येऊन दगडावर बसली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. भाऊ तिच्या शेजारी बसला. दोरीवरची एक चादर पुन्हा घासून बघावी म्हणून तो उठायला लागला.

"राहू दे रे," तीच म्हणाली. पायाची बोटं हलवत ती पाण्याकडे बघत होती. "पाणी मात्र छान होतं हो आज."