दोन मिनिटांनी वाजलेली घंटी

टण्.

दचकलात ना, मित्रांनो? माफ करा. मला बोलायची दुसरी रीत येत नाही. मी टेबलावरची जुनी पितळी घंटी. पालथ्या वाटीएवढं अंग, डोक्यावर बटण, आत छोटा हातोडा. ज्या कारागिराने मला घडवलं, तो मला कानाशी धरून म्हणाला होता, "हिचा आवाज कुणाला आवडायचा नाही, पण ऐकावा लागेल." तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

सुरुवातीला मी एका छापखान्याच्या मालकाकडे होते. तिथे विजेची घंटी आली आणि मालकाने मला आपल्या मुद्रितशोधकाला देऊन टाकलं. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणं हे त्याचं काम. उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीखालून सरकवत तो वाचायचा. त्या बोटाचं नख झिजलं होतं आणि त्याला लागलेली शाई साबणालाही दाद देत नसे.

त्याच बोटाने तो मला वाजवू लागला. वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा, दुपारी, कविमंडळ भरत असे आणि हा त्याचा अध्यक्ष होता. नियम एकच. प्रत्येक कवीला पाच मिनिटं. घंटी झाली की थांबायचं. एकोणीस वर्षांत मी एकदाही वेळेआधी वाजले नाही. कवी मला मनातून शिव्या देत असतील, पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

अध्यक्षांची भाचीही मंडळात येई. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिला अक्षरं या मामानेच शिकवलेली. तिची कविता चार मिनिटांत संपे आणि पाचवं मिनिट लोक गप्प बसून काढत. तेव्हा मामा माझ्यावर बोट नुसतं टेकवून ठेवी, दाबत नसे. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली मिनिटं.

मग एका दुपारी ती गिटार घेऊन आली.

टण्.

नाही, इतक्यात नाही. ही मी आत्ता वाजले, भीतीने. तेव्हा मी अजून वाजायची होते.

ती उभी राहिली नाही, खुर्ची ओढून बसली आणि गाऊ लागली. आवाज गोड नव्हता, काच घासल्यासारखा खरखरीत होता. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई शेजारणीच्या कानात, पण सगळ्या माडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हिच्या कवितेला चांगले पाय होते की. या कुबड्या कशाला?"

"बाई," मागच्या रांगेतून पोस्टमन म्हणाला, "इतकी वर्षं मी इथे डुलक्या काढायला येतो. आज पहिल्यांदा जागा आहे. ऐकू द्या."

ती गातच होती.

*अक्षर अक्षर दाखवत गेलं*
*बोट कुणाचं, बोट कुणाचं*

टण्.

ही मी होते.

भिंतीवरच्या घड्याळात दोनच मिनिटं झाली होती. दोन. माडीवर कुणी हललं नाही. माझ्या आतला हातोडा कितीतरी वेळ थरथरत राहिला. मामा स्वतःच्या बोटाकडे बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हाताचं होतं.

नियमाप्रमाणे ती थांबली. "मामा, पाच झाली?"

"पाच कवितेला असतात," मामा म्हणाला.

तिने गिटार पिशवीत घातली आणि ती जिना उतरून गेली. पुढच्या महिन्यात त्या दोन मिनिटांवरून मंडळ फुटलं. खुर्च्या एका गटाला मिळाल्या, मी दुसऱ्याला. खुर्च्यांवर निदान माणसं तरी बसली. माझ्याकडे कुणी आलं नाही. मामाने मला घरी नेलं.

तिचं पुढचं सगळं मला मामीमुळे कळलं. मामी वर्तमानपत्रातली पत्रं मोठ्याने वाचायची. एकाने लिहिलं, चांगली कवयित्री वाया गेली. दुसऱ्याने विचारलं, कोण कवयित्री? आम्ही तर गाणी ऐकतो. तिसऱ्याला शब्द हवे होते, आवाज सोसवत नव्हता. तिच्या एका कार्यक्रमात मध्यंतरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि उरलेले लोक पुढे सरकून बसले.

एके सकाळी रेडिओवर तेच गाणं लागलं. "बोट कुणाचं, बोट कुणाचं." मग शांतता. आणि त्या शांततेत,

टण्.

मी टेबलावर गप्प होते. वाजली ती रेडिओतली घंटी, हुबेहूब माझ्या सुरात.

"अहो," मामी म्हणाली, "ही तर आपली..."

मामाने रेडिओ बंद केला.

"पुढचं तरी ऐका."

"पुढचं मला माहीत आहे. पुढे घंटी झाली."

त्यानंतर गाणं कधीही लागो, त्या जागी तो रेडिओ बंद करी. मामीला पुढच्या ओळी पाठ होत्या. "सांगू का?" ती विचारायची. "नको," तो म्हणायचा. मग एक दिवस त्याने मला खणात टाकलं. मोडकी चष्म्याची काडी, वाळलेले रबर आणि मी. आठ वर्षं.

बाहेर काढलं ते मामा घसरून पडल्यावर. मांडीचं हाड मोडलं. मामीला हाक मारायला मला पलंगाशी ठेवलं. पाणी हवं, टण्. उशी सरकली, टण्.

"छापखान्याच्या मालकानेसुद्धा हिला इतकं वाजवलं नसेल," मामी म्हणाली आणि तिने परस्पर भाचीला फोन केला.

ती दुपारी आली. केस पिकलेले, खांद्यावर गिटार. मामाने गिटार पाहिली आणि त्याचा हात माझ्यावर आला. बोट बटणावर. मित्रांनो, मला माझीच भीती वाटली.

ती गाऊ लागली. त्या जागेपर्यंत आली. बोट कुणाचं, बोट कुणाचं. थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मामाचं बोट बटणावरून सरकलं आणि अख्खा तळवा माझ्यावर पसरला. तळव्याखाली मला वाजता येत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "घंटी झाली का?"

"नाही, मामा."

"मग?"

*शाईत बुडलं, नख झिजलेलं*
*बोट मामाचं, बोट मामाचं*

तळवा थरथरला. आजवर थरथर माझ्या आतून सुरू व्हायची, त्या दिवशी ती बाहेरून आली. ती गात राहिली आणि मामा आपल्या बोटाकडे बघत राहिला, त्या दुपारी माडीवर बघत होता तसाच.

"हे," गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "हे सगळीकडे वाजतं?"

"आठ वर्षं होऊन गेली," मामी म्हणाली. "बसमध्येसुद्धा."

मामाने माझ्यावरचा हात काढला नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा, आत तेलाचा एक थेंब सोडत जा. आणि बटण दाबण्याआधी समोरच्याला त्याची पाच मिनिटं द्या. ती आवडलीच पाहिजेत असं नाही. शाळेतल्या त्या बाईंना हे गाणं अजून आवडत नाही. पण त्या ते शेवटपर्यंत ऐकतात आणि मग तसं म्हणतात.

माझं सांगून झालं. मी वाजणार नाही. बसा हवं तितका वेळ.