म्हशीची बदली

"म्हैस येणार नाही," शिपाई म्हणाला.

"मग मीही येणार नाही," वहिनी म्हणाली आणि शेणाची पाटी तिनं त्याच्या चकचकीत बुटांशेजारी आदळली. बुटांवर एकही थेंब पडला नाही, पण पडू शकला असता, हे दोघांनाही कळलं.

सैन्यातल्या गाड्या दुरुस्त करणारा हा शिपाई आणि ही त्याची बायको. छावणीतली सगळी पोरं तिला वहिनी म्हणायची, म्हणून गावही वहिनीच म्हणायला लागलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि बदल्या पाच. छावणीतली खोली त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. जिथं बदली होईल तिथं छावणीच्या शेजारचं गाव गाठायचं, कुणाच्या तरी परसातल्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या, आणि वहिनी शेतकऱ्याची लेक असल्यामुळं आठ दिवसांत त्या परसात काहीतरी उगवायला लागायचं. उगवायचं, वाढायचं आणि ऐन फळ धरायच्या वेळी बदलीचा हुकूम यायचा. तिनं लावलेल्या पपया कुणीतरी दुसऱ्यानंच खाल्ल्या. तिच्या कोंबड्यांची अंडी कुठल्या गावात कोण खात होतं, देव जाणे. तिनं कधी कुरकुर केली नाही. पेट्या भरायच्या, पोरीला कडेवर घ्यायचं आणि निघायचं.

पण या गावात तीन वर्षं मिळाली होती. या तीन वर्षांत तिनं एक मरतुकडी रेडकी बाजारातून आणली, तिच्या अंगावरच्या उवा मारल्या, तिला हातानं चारलं, आणि आता तिची डोंगरासारखी म्हैस झाली होती. पहिल्यांदाच गाभण होती.

"अगं, सैन्यात बदली माणसाची होते. म्हशीची होत नाही," शिपायानं समजुतीच्या सुरात सांगितलं.

"माझी तरी कुठं होते? हुकुमावर माझं नाव असतं का? तरी मी येतेच ना प्रत्येक वेळी? तशीच ही येईल."

त्यानं टोपी घातली, काढली, परत घातली. "तू वेडी आहेस," एवढं म्हणून तो कामावर गेला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुढं निघून गेला. नव्या ठिकाणी हजर व्हायचं, जागा बघायची आणि महिन्याभरानं बायको-पोरीनं सामानासकट यायचं, असं ठरलं होतं. म्हशीचं काय, ते ठरलंच नव्हतं. जाताना त्यानं पोरीचा मुका घेतला, बायकोकडं बघून मान हलवली आणि गोठ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पोरगी सहा वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत. बाप दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाबा म्हशीवर रुसले का?"

"माझ्यावर रुसलेत. म्हशीवर रुसायला हिंमत लागते."

महिना होत आला आणि सोमवारी संध्याकाळी शिपायाचा फोन आला. आवाज ओढलेला होता.

"ऐक. आमच्या तुकडीला सीमेवर जायचा हुकूम आलाय. गुरुवारी सकाळी निघतोय. आठ महिने."

वहिनी चुलीपुढं होती, ती उभी राहिली. "आम्ही तर शनिवारी येणार होतो."

"म्हणूनच सांगतोय. बुधवारी येता आलं तर एक संध्याकाळ तरी मिळेल."

"येते," ती म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी तुमच्यापुढं ताट वाढते."

मंगळवारी तिनं सगळं घर पेट्यांत कोंबलं. ट्रकवाला गावातलाच होता, ढेरपोट्या आणि बडबड्या. म्हैस बघून तो म्हणाला, "वहिनी, हिची वेळ भरत आलीय. रस्त्यात काही झालं तर?"

"डॉक्टर म्हणालेत, अजून दहा दिवस आहेत."

"म्हशीनं ऐकलंय का डॉक्टरांचं?"

म्हशीनं ऐकलं नव्हतं. बुधवारी उजाडताच निघालेला तो लाल ट्रक दुपारपर्यंत बरा चालला. मग रस्ता खडबडीत झाला. उन्हानं ट्रकचा पत्रा तापला, वारा तोंडावर धुरळा मारू लागला, आणि मागून म्हशीचं असं रेकणं ऐकू आलं की वहिनीनं ट्रकवाल्याच्या खांद्यावर थापच मारली. "थांबवा! आत्ता थांबवा!"

दगडी पुलाच्या अलीकडं, डाव्या हाताला एक मक्याचं शेत होतं. दोघांनी फळी लावून म्हशीला खाली उतरवलं. ती तडक मक्यात शिरली, चार-सहा ताटं आडवी केली आणि तिथंच बसली.

"ए! कुणाची गं ही? माझा मका काय वाटेवर पडलाय?"

शेताची मालकीण विळा घेऊन बांधावरून येत होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, आवाज असा की पलीकडच्या शेतातले बगळे उडाले. तिच्यामागं पंचवीस-तीस शेळ्या रांगेनं चालल्या होत्या.

"मावशी, भरपाई देते. पण आधी इकडं बघा," वहिनी म्हणाली.

मावशीनं म्हशीच्या मागं जाऊन वाकून बघितलं आणि विळा कमरेला खोचला. "पहिलटकरीण आहे. आणि रेडकाचा एक पाय आत दुमडलाय. ए ढेरपोट्या, बघत काय उभा राहिलास? विहिरीवरून पाणी आण. आणि तू गं, हिच्या तोंडाशी बस. तुझ्या ओळखीची आहे, तुझं ऐकेल."

पुढचे दोन तास वहिनी म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही सांगता आलं नसतं. मावशीनं कोपरापर्यंत तेल लावलं, हात आत घातला आणि शिव्या देत देत तो दुमडलेला पाय सरळ केला. उन्हं कलली तेव्हा एक ओलं, काळं, लांब पायांचं पिल्लू मक्याच्या पाल्यावर येऊन पडलं.

"पारडी आहे!" मावशी ओरडली.

ठकीनं टाळ्या वाजवल्या. ट्रकवाला बांधावर बसून रडत होता. "धूळ गेली डोळ्यात," असं त्यानं कुणी न विचारताच सांगितलं.

पण म्हैस घाबरली होती. पारडी जवळ आली की लाथ मारायची. वहिनी डोक्याशी उभी राहून मानेवरून हात फिरवत राहिली, तरच पिऊ द्यायची. त्यात व्याल्यानंतर पोटातून पडते ती वार अजून पडली नव्हती.

ट्रकवाल्यानं आभाळाकडं बघितलं. "वहिनी, अजून पाच तासांचा रस्ता आहे. आत्ता निघालो तर भेट होईल तुमची."

"जा तू," मावशीही म्हणाली. "म्हैस राहू दे माझ्याकडं. नंतर येऊन घेऊन जा."

वहिनीनं पारडीकडं बघितलं. ती उभी राहायची, पडायची, पुन्हा उभी राहायची. आठ महिने म्हणजे काय असतं ते तिला पाठ होतं. याआधी दोनदा तिनं ते काढले होते. पण आपण पाठ फिरवली आणि या येडीनं पोराला लाथाडून मारलं, तर पुढचे आठ महिने काय करायचं?

"नाही. मी थांबते," ती म्हणाली आणि मावशीच्या फोनवरून तिनं नवऱ्याला फोन लावला.

"कुठं पोचलात?" शिपायाचा आवाज खुशीत होता. मागं भांड्यांचा आवाज येत होता. बहुतेक तोच स्वयंपाक करत होता.

तिनं सगळं सांगितलं. पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे भेट नाही," शेवटी तो म्हणाला.

"तुम्ही उद्या कुठल्या रस्त्यानं जाणार?"

"ते सांगता येत नाही. तुला माहीत आहे."

"मी कुठं विचारतेय? मी आपली सांगतेय. आम्ही मोठ्या रस्त्याला आहोत. दगडी पुलाच्या जवळ, मक्याचं शेत आहे. शेताच्या कडेला ट्रक उभा आहे."

"हे मला कशाला सांगतेस?"

"उगाच. बायको कुठं आहे ते नवऱ्याला माहीत असावं."

त्यानं हळूच विचारलं, "ट्रक कसल्या रंगाचा?"

"लाल."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हैस कशी आहे?"

एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. वहिनी मावशीकडं पाठ करून उभी राहिली. "बरी आहे. मुलगी झाली."

वार रात्रीत पडली. सकाळी वहिनीनं तोंड धुतलं, ठकीच्या वेण्या घातल्या, स्वतःची धुवट साडी पेटीतून काढून नेसली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मावशी शेळ्या सोडायला निघाली होती.

"कुणाची वाट बघतेस?"

"कुणाची नाही. गाड्या जातील बहुतेक."

मावशीनं तिची साडी बघितली, पोरीच्या वेण्या बघितल्या आणि शेळ्या बांधावरच चरायला सोडल्या.

अकराच्या सुमाराला पुलाकडून घरघर आली. हिरव्या गाड्यांची रांग धुरळा उडवत येत होती. पहिली गेली. दुसरी गेली. मागं बसलेल्या जवानांनी ठकीला हात केले. पाचवी, सहावी, सातवी... एकही थांबली नाही. थांबणार कशी? सैन्याची रांग रस्त्यात कुणासाठी थांबत नाही, हे वहिनीला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. दुरुस्तीची गाडी सगळ्यात शेवटी असते, हेही माहीत होतं. तोंड तरी दिसेल, एवढ्याच आशेनं ती टाचा उंचावून उभी होती.

तेवढ्यात तिच्या शेजारून काहीतरी घुसलं. मग आणखी काहीतरी. बघते तर मावशीच्या शेळ्या! पंचवीस-तीस शेळ्या बांधावरून उतरून थेट रस्त्यावर, आणि मावशी त्यांच्यामागं काठी टेकत, जणू तिला जगात कसलीच घाई नव्हती.

ब्रेक कचकचले. मागच्या गाड्या एकामागोमाग थांबल्या, पुढं गेलेल्याही कडेला लागल्या. शेळ्यांसमोर अडकलेल्या जीपमधून साहेब उतरले.

"बाई, शेळ्या हटवा! आम्हाला वेळ नाही."

"हटवते की," मावशी म्हणाली. "पण शेळ्या आहेत साहेब, जवान नाहीत. हुकूम दिला की चालायला लागत नाहीत."

मागच्या गाडीतून हसू फुटलं. एक शेळी जीपच्या चाकाजवळ बसलीसुद्धा. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. लाल ट्रक, त्यावर सैन्याच्या काळ्या पेट्या, पेट्यांवर पांढऱ्या रंगात शिपायाचा नंबर, मक्यात म्हैस, आणि कडेला साडी नेसून उभी असलेली बाई. साहेबांचंही कुठंतरी घर असणारच. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "इंजिनं तापलीत. पाणी घाला. दहा मिनिटं!"

एकही इंजिन तापलं नव्हतं. शेवटच्या गाडीतून शिपाई उडी मारून पळत आला. हाताला तेल, गालाला काजळी. बायकोपुढं येऊन उभा राहिला.

"स्वेटर घेतलात का?" वहिनीनं विचारलं.

"घेतला."

"दोन्ही?"

"एकच."

"मला वाटलंच होतं." ती धावत ट्रकवर चढली, तिसरी पेटी उघडली आणि राखाडी स्वेटर काढून त्याच्या छातीवर आपटला. मग मात्र तिचा हात तिथंच राहिला. तोही तसाच उभा राहिला. आसपास पन्नास जवान होते आणि ते सगळे एकदम मक्याचं पीक बघायला लागले.

"बाबा, चला ना!" ठकीनं त्याला ओढत पारडीकडं नेलं. पारडीनं त्याचं बोट तोंडात घेतलं. "तेल आहे गं बोटाला, नको," म्हणत शिपाई खाली बसला आणि हसायला लागला. साहेबसुद्धा येऊन बघून गेले. एका जवानानं मावशीला विचारून दोन कणसं घेतली, दुसऱ्यानं न विचारता चार घेतली आणि ओरडा खाल्ला.

"किल्ली," शिपायानं खिशातून काढून दिली. "गावात शिरल्यावर पिठाची गिरणी, तिच्यामागचं घर. शेजारीण चांगली आहे. ठकीचं शाळेत नाव घातलंय."

"जेवत जा वेळेवर."

"तूसुद्धा."

शिट्टी वाजली. मावशीनं नुसतं "हुर्र" केलं आणि शेळ्या क्षणात रस्त्यावरून नाहीशा झाल्या. गाड्या हलल्या. शेवटच्या गाडीतून तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होता, हातात राखाडी स्वेटर होता.

मावशी वहिनीशेजारी येऊन उभी राहिली. "रडायचंय का?"

"थोडं."

"रडून घे. मग मक्यात ये. मोडलेली ताटं गोळा करायचीत."

दोन दिवस वहिनीनं मावशीचं शेत राबून भरपाई फेडली. शनिवारी पारडी धड चालायला लागली तेव्हा ट्रक पुढं निघाला आणि ऊन उतरता उतरता नव्या गावात पोचला. गिरणीमागचं घर सापडलं. वहिनीनं कुलूप काढलं. दोन खोल्या, भिंतींचे पोपडे निघालेले, कोपऱ्यात जाळी. बटण दाबलं तर दिवाच नाही. वर नुसती वायर लोंबत होती.

"महिनाभर हा माणूस करत काय होता इथं?" ती पुटपुटली आणि म्हैस बांधायला मागं गेली.

मागं गोठा होता. नवा पत्रा. जमीन ठोकून सपाट केलेली, पाणी वाहून जायला एका बाजूला उतार. म्हशीच्या उंचीची गव्हाण, तिच्या कडा तासून गुळगुळीत केलेल्या. खालच्या अंगाला पारडीसाठी एक छोटी गव्हाण. आणि वर, गाडीच्या जुन्या दिव्याच्या काचेत बसवलेला, लख्ख बल्ब.

कुंपणावरून शेजारणीनं डोकं काढलं. "आलात का? तुमचे मालक रोज संध्याकाळी येऊन इथं खपत होते हो. आम्ही म्हटलं, घोडा आणतायत की काय!"

वहिनीला हसू आवरेना. ती गव्हाणीला धरून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ठकी तिला बघून हसली, आणि का ते न कळता शेजारीणसुद्धा.

खोलीत अंधार होता, म्हणून त्या संध्याकाळी मायलेकींनी ताटं गोठ्यातच मांडली. ट्रकवालाही जेवायला बसला. हा हा म्हणता गल्लीभर झालं की सैन्यातल्या बाई गोठ्यात राहायला आल्या, आणि जेवणं उरकायच्या आतच चार बायका एक बल्ब आणि शिडी घेऊन दारात हजर झाल्या. बल्ब लावून झाला तरी कुणी घरी जाईना. सगळ्या पारडीभोवती बसून राहिल्या.

"किती दिवस आहात इथं?" एकीनं विचारलं.

"हुकूम येईपर्यंत," वहिनी म्हणाली आणि परसातली मोकळी जमीन बघत तिनं विचारलं, "इथं पपईची रोपं कुठं मिळतात हो?"