ब्रेकवरचा पाय

"ह्येचा पाय ब्रह्मदेशातच राहिला बगा. परत आली ती निस्ती नडगी!"

वाईच्या मोटार स्टँडवर, दहाजणांच्या देखत नानासो बोलले आणि दहाच्या दहा हसले. कृष्णात तेवढा हसला नाही. लढाईत दोन वर्षं चिखलातून लष्करी ट्रक हाकून तो घरी आला होता, आणि गेलं वर्षभर नानासोंची काळी मोटार चालवत होता. नानासोंच्या दोन्ही लेकी पाचगणीच्या शाळेत. त्यामुळे दर शनिवारी पसरणीचा घाट चढायचा आणि उतरायचा. महिना झाला, उतरणीवर ब्रेक दाबला की गाडी नव्या नवरीसारखी ठुमकायची. नानासोंनी वाकून पाहिलं, तर ब्रेकवरचा कृष्णाताचा पाय खालीवर होत होता.

"सोमवारी दुसरा ड्रायव्हर येतोय. किल्ली दे."

"किल्ली सोमवारीच देतो," कृष्णात म्हणाला. "खोट पायात निघाली तर माझा मी जाईन. गाडीत निघाली तर हितंच, ह्या दहाजणांम्होरं तसं बोलायचं."

"बोलीन की! भितो का काय तुला?"

कृष्णात तोंडानं ताठ बोलला खरा, पण नानासोंचा बोल वर्मी लागला होता. जेवायला बसलं की त्याचा उजवा पाय आपसूक थरथरायचा, वारा नसताना पिंपळाचं पान हलावं तसा. तो वर हात दाबून धरायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गेला महिनाभर घाटातल्या प्रत्येक वळणाला तो स्वतःलाच विचारत आला होता, हे मी करतोय की गाडी करतेय?

शुक्रवारी सकाळी पाचवडच्या सरळ रस्त्यावर त्यानं एकट्यानं गाडी काढली. वेग घेतला, ब्रेक हलकेच दाबला. धकधकधक. वेग उतरला तशी धक... धक... धक. चाक थांबलं, धकही थांबली. कृष्णातानं पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा. मग एकटाच मोठ्यानं म्हणाला, "आरं गड्या, चाक किती पळतंय ते माझ्या पायाला काय ठावं? पाय थरथरायचा तर आपल्या मनानं थरथरंल. ह्यो तर चाकाच्या तालावर नाचतोय!"

मग पाय काढून घेऊन नुसता हातब्रेक ओढला. तो फक्त मागची चाकं धरतो. गाडी लोण्यासारखी थांबली. म्हणजे खोट पुढं.

नानासोंच्या दारात येऊन त्यानं जॅक लावला. उजवं चाक हातानं फिरवलं, ते गरगरलं. डावं फिरवलं, ते दर फेऱ्याला एकाच जागी खर्र करून अडखळलं. चाक काढलं, आतलं ब्रेकचं ड्रम काढलं. परातीएवढं ओतीव लोखंड. त्याच्या पोटात आडवी बसेल अशी बांबूची काडी तासून बसवली. काडी घट्ट. तीच काडी उभी धरली तर टपकन खाली पडली.

"नानासो, या बाहीर!" त्यानं हाक मारली. "ह्ये गोल हाय का बगा."

नानासोंनी काडी आडवी लावली, उभी लावली, पुन्हा आडवी लावली. "अंड्यावानी झालंय की. पर उजवं चांगलं आणि डावंच कसं बिगाडलं?"

कृष्णातानं काडी परत घेतली. उत्तर त्याला ड्रम काढतानाच सापडलं होतं. गाडी दारात थांबली की डावी बाजू पायरीला लागे. पायरीवर नानासोंची थोरली बहीण, रंगूआक्का, घागर घेऊन उभी असे. घाट उतरून आलेल्या बैलांच्या खुरांवर पाणी घालायची त्या घराची रीत. बैल विकून मोटार आली तरी आक्कानं रीत सोडली नव्हती. पुढच्या चाकावर घागर रिती करता करता ती गुणगुणायची:

घाट उतरून आला, माझा लोखंडाचा बैल,
घाली पायावर पानी, शीण त्येचा गं जाईल.

चाकातून चर्र वाफ निघायची. बघून कृष्णाताला बरं वाटायचं, दमून आलेल्याला कुणी पाणी घालतंय म्हणून. म्हणूनच त्यानं कधी अडवलं नव्हतं.

"घाटात ड्रम तव्यावानी तापतं," तो म्हणाला. "त्येच्यावर गार पानी पडलं की वाकतं. आक्का घागर वततात ती डाव्या चाकावर."

"आता माझ्या भनीवर ढकलतोस?" नानासो कडाडले.

"ढकलतोय कशाला? मी दर खेपंला बगत हुतो आन् गप बसलो. तेवढी चूक माजी. पायाची न्हाई."

दारामागून आक्का बाहेर आली. "नान्या, वरडतोस कुणावर? पानी मीच वतते. बैलाला चालतं, हिला न्हाई व्हय?" मग कृष्णाताकडे वळली. "आन् तुला तोंड न्हवतं का रं, सांगायला?"

त्याच दुपारी ड्रम पोत्यात बांधून कृष्णातानं सातारा गाठला. कारखानदार तात्याबानं ते लेथवर चढवून आतून गोल कातायला घेतलं. लोखंडाच्या कुरळ्या बटा निघत राहिल्या. नवी तासलेली काडी सगळीकडून सारखी बसली तेव्हाच कृष्णात उठला. शनिवारी सकाळी ड्रम बसवलं, नानासोंना घेऊन अर्धा घाट चढला आणि उतरला. एकेक वळण आलं नि गेलं. ब्रेकवरचा पाय दगडासारखा स्थिर. नानासो तिकडेच टक लावून बसले होते.

"चला स्टँडवर," कृष्णात म्हणाला.

"आता लगीच? पोरी वाट बगत असतील."

"आदी स्टँड."

स्टँडवर पानवाला होता, तीच सगळी माणसं होती. नानासो खाकरले, पागोटं सारखं केलं. "खोट चाकात हुती. ह्येच्या पायात न्हवती."

"मंजी पाय थरथरत न्हाई म्हना की!" पानवाला ओरडला.

"न्हाई!" नानासो म्हणाले.

गप्प बसायला कृष्णाताचं काही जात नव्हतं. पण तो गाडीतून उतरला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"थरथरतो," तो म्हणाला. "जेवताना थरथरतो, निजल्यावर थरथरतो. मान्सं मरताना बगत दोन वर्सं ट्रक हाकलाय त्या पायानं. थरथरंल न्हाई तर काय करंल? पर ब्रेकवर गेला की हालत न्हाई. ज्येला इस्वास न्हाई त्येनं शेजारी बसावं, घाट उतरून दावतो."

कुणी हसलं नाही. पानवाल्यानं मान खाली घालून सुपारी कातरायला घेतली.

नानासोंनी पुढचं दार उघडलं आणि कृष्णाताच्या शेजारी जाऊन बसले. "चल की गड्या," ते म्हणाले. "आन् त्या सोमवारच्या मानसाला मी निरोप धाडतो."