दोघी जिला पुरत नाहीत ती तिसरी

दाराच्या माथ्यावरची तिकोनी काच फुटली होती, आणि तिच्या रंगाची निळी काच दोघी बहिणींच्या दुकानात एकच उरली होती. तसली निळाई ओतणारी भट्टी कधीच विझली. ही काच वाकडी कापली गेली, तर ते दार कायमचं आंधळं राहणार होतं.

मापं ताईने घ्यायची, कापायचं धाकटीने, अशी त्यांची वाटणी. ताईच्या टेपचं टोक झिजून ढिलं झालेलं. म्हणून ती दहाच्या रेघेपासून मोजायची आणि मनातल्या मनात दहा वजा करून आकडा सांगायची. नवी टेप आणू म्हटलं की म्हणायची, "हात बसलाय हिच्यावर."

धाकटीने आकडे मांडले. उतरत्या दोन बाजू चाळीस आणि पंचेचाळीस, तळाची आडवी नव्वद. काच कापायच्या यंत्राला माथ्याचा कोन हवा होता. तिने दोन्ही छोट्यांच्या वर्गांची बेरीज केली, तीतून नव्वदचा वर्ग वजा केला, छोट्यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागलं. उणे एक पूर्णांक चोवीस शतांश. कोसाइन काही उणे एकच्या खाली उतरत नाही. कॅलक्युलेटर रुसून बसला.

"ताई, हा त्रिकोण होत नाही."

"दारावर इतकी वर्षं सुखाने बसलाय, आणि तुझ्या कागदावर होत नाही?"

"चाळीस नि पंचेचाळीस, पंच्याऐंशी. दोघी आडव्या पडल्या तरी नव्वदला पुरत नाहीत."

"मग दहा वजा करायचे राहिले असतील. ऐंशी धर नि काप."

ऐंशी धरल्यावर कोन मुकाट्याने आला, एकशे चाळीस अंश. तरी धाकटीने यंत्राला हात लावला नाही.

"आणि चाळीसमधून दोनदा वजा झाले असतील तर? पन्नास धरूनही त्रिकोण होतो."

"म्हणजे माझा हात गेला, असं म्हण ना सरळ."

"टेपचं टोक गेलंय, ताई. चल, शिडी घे."

दाराशी दोन शिड्या लागल्या. दोन्ही उतरत्या बाजू ठीक निघाल्या. मग तळाच्या बाजूला ताईने सवयीने दहाची रेघ टेकवली. पलीकडून धाकटीने वाचलं, "नव्वद."

"वजा दहा," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने.

काच कापली, चढवली, खाचेत अलगद बसली. पायरीवर निळा उजेड पडला. ताई त्याच्याकडे न बघता शिडी मिटत होती.

"नवी टेप आण," ती म्हणाली. "पण पिवळीच आण. लाल मला आवडत नाही."