नाल्याकाठचा मका

"मका नको लावू वो. नाल्यापल्याड झुडपी जंगल हाये. डुकरं एकदा चटावली का मंग हटत नाईत," असं सासूबाईंनी, रुख्माबाईंनी, पेरणीआधीच सांगितलं होतं. अंकिता नुसती हसली होती. बी.एस्सी. झालेल्या सुनेला डुकरांची भीती काय घालता!

खरं तर तिला मका दिसतच नव्हता. दिसत होतं ते शेजारच्या ओट्यावरचं सुरभीचं नवं वॉशिंग मशीन. सुरभी तिची धाकटी जाऊ. गेल्या साली तिनं रस्त्याकडच्या वावरात मका लावला, पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करणाऱ्या कारखान्यानं तो सगळा उचलला, आणि तेव्हापासून त्या मशीनची घरघर अंकिताच्या कानात बसली. बाळाची दुपटी हातानं पिळताना तर जास्तच.

मग तिनं नवऱ्याच्या, अंकुशच्या मागं लागून नाल्याकाठची वांगी-मेथी मोडायला लावली. रोज ती भाजी नेणाऱ्या सावंगीच्या मेसवाल्यानं दुसरं दार धरलं. मका डोक्यावर गेला, कणसं भरली, आणि डुकरं आली. अर्धं वावर आडवं.

सुरभीच्या कुंपणाला झटका मशीन होतं, तारेला शिवलं की डुकराला विजेचा झटका देणारं. सुरभीच आपणहून आली. "ताई, आमचा मका निघाला आता. मशीन तुमच्याकडे लावून घ्या ना."

"राहू दे. आमाले नाई लागत कोणाचं उतरलेलं," अंकिता म्हणाली.

मग अंकुशच रोज रात्री घोंगडी अन् टॉर्च घेऊन मचाणावर जागलीला जायला लागला. सकाळी चहाच्या वेळेला मात्र हमखास दारात.

आज चहा दोनदा गरम करून झाला. अंकुशचा फोन बंद. बाळ तापानं फणफणलेलं, खांद्यावरून उतरत नाही. सासूबाई आष्टीला लेकीकडे. समोर दिराची मोटारसायकल उभी आहे आणि सुरभी मशीनमधले कपडे वाळत घालते आहे. तिनं वळून पाहिलंसुद्धा, काय झालं ताई असं विचारायच्या बेतात. अंकिता पडदा ओढून आत आली.

"भाऊजीले जरा मचाणावर पाहून याले सांग," एवढं एक वाक्य त्या बाईला म्हणणं तिच्यानं होत नाही. तेव्हा तुम्हीच ऐका. सेवाग्रामच्या रस्त्यानं नाल्याकडे वळणार असाल तर मचाणाखाली जरा थांबा, अंकुशला हाक द्या. ओ आली तर म्हणा, घरी चहा ठेवलाय. नाही आली, तर वर चढून पाहा.